बाबा-नियम

फोन लागला नाही तर शहाणी माणसं काय करतात? थोडं थांबतात, घोटभर चहा पितात आणि मग पुन्हा लावून बघतात. ताईचे बाबा त्या शहाण्यांतले नव्हते. लेकीने फोन उचलला नाही की लगेच दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, आणि हे लागेपर्यंत चालायचं. ताई मीटिंग संपवून जागेवर यावी तर टेबलावरच्या फोनमध्ये बाबांच्या हुकलेल्या कॉलची ही एवढी रांग! घाईघाईने तिने फोन लावावा, "काय झालं बाबा?" म्हणून विचारावं, तर तिकडून शांतपणे उत्तर यायचं, "काही नाही गं, ती मोठी कात्री कुठे ठेवलीयस?"

आता ताई म्हणजे खरं तर कुणाचीच ताई नव्हती. आईबापाला एकुलती एक. पण ऑफिसात साहेबांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, कारण मशिनी अडल्या की तीच लागायची. कंपनी इंटरनेटवरून फोन चालवणारी. अर्ध्या शहराच्या घरांत, दुकानांत, दवाखान्यांत त्यांचे फोन होते, आणि बाबांच्या बैठकीच्या खोलीतला पांढरा फोनही त्यांचाच, ताईनेच बसवून दिलेला. मोबाइल काही बाबांनी कधी घेतला नाही. ताईच्या मशिनींमधून कुणाचं बोलणं जात नसे, ते परस्पर जायचं. तिच्या मशिनी निरोप्याचं काम करायच्या. अमक्याला तमक्याशी बोलायचंय, तमका घरी आहे का, असला तर त्याची घंटी वाजव, त्याने उचलला की दोघांची गाठ घालून दे आणि बाजूला हो. एवढंसंच काम. पण ते झालं नाही तर शहरभर वायरी पसरून कुणी कुणाशी बोलू शकत नाही.

आणि हे काम कशाने अडतं, तर बाबांसारख्या माणसांनी! दवाखान्यात गर्दी झाली की कंपाउंडरचं काय होतं, पाहिलंय ना? जो तो काउंटरवर येऊन विचारतो, "माझा नंबर कधी?" तो बिचारा प्रत्येकाला "थांबा" म्हणतो. माणूस मागे जातो, आणि दोन मिनिटांत परत पुढे. शेवटी कंपाउंडरचा सगळा दिवस "थांबा" म्हणण्यातच जातो आणि आत एकही पेशंट जात नाही. ताईच्या मशिनींचं अगदी हेच व्हायचं. एखादी दमून बसली की तिचा भार शेजारणीच्या डोक्यावर, मग तीही बसायची. त्यात हल्लीचे फोन आगाऊ. उत्तर यायला जरा उशीर झाला की माणसाने बटण दाबलं नसलं तरी तोच निरोप स्वतःहून परत पाठवतात.

असं एकदा सगळंच्या सगळं बसल्यावर साहेबांनी हात टेकले, आणि ताईने डोकं लढवून एक नियम बनवला. मशीन धापा टाकायला लागली की पहिल्यांदा येणाऱ्याला आधी आत घ्यायचं, आणि तोच तोच नंबर पुन्हा पुन्हा लावणाऱ्याला मागे सारायचं. जितका उतावीळ, तितका मागे. अॅम्ब्युलन्स, आग आणि पोलीस यांचं दार वेगळं, ते कधीच बंद होणार नाही. बाकी सगळ्यांना एकच दार. मीटिंगमध्ये हे समजावताना तिने बाबांचंच उदाहरण दिलं, कात्रीसकट. सगळे पोट धरून हसले. तिच्या हाताखाली काम करणारा लंबू, उंचीमुळे त्याला सगळे लंबूच म्हणत, तो म्हणाला, "ताई, मग नाव ठरलं. बाबा-नियम!" आणि तेच नाव पडलं.

मागे सारलेल्यांना काहीतरी सांगायला तर हवं. आधी बाहेरून करून आणलेला आवाज होता, इतका कोरडा की माणसं चिडून आणखी फोन लावायची. लंबूच म्हणाला, "ताई, तुमच्या आवाजात घ्या. तुम्ही थांबा म्हणालात की आम्ही थांबतो." म्हणून ताईने कॅन्टीनमागच्या खोलीत दार लावून स्वतःचा आवाज भरला. 'नमस्कार. आत्ता खूप गर्दी आहे. काळजी करू नका. थोडं थांबा, तुमचा फोन नक्की लागेल.'

एकदा साहेब हळूच तिच्या टेबलापाशी आले. म्हणाले, "ताई, आमच्या सासूबाईंचा नंबर तेवढा या नियमातून सोडवता येईल का? नाही लागला की त्या माझ्यावर घसरतात."

"साहेब, आज तुमच्या सासूबाई, उद्या माझे बाबा, परवा लंबूची आजी," ताई म्हणाली. "मग नियम राहिला कुणाला?"

साहेब मान डोलावून परत गेले. माणूस भला होता, मनात ठेवणारा नव्हता. आणि ताईने बाबांनाही सोडलं नाही. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला गेली तेव्हा पानावर बसूनच तिने त्यांना सुनावलं, "बाबा, एकदा लावायचा. नाही लागला तर गप बसायचं. तुमच्यासारख्यांमुळे आमच्या मशिनी कोलमडतात, माहितीये?"

बाबा घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. मग मिश्किल हसले. "म्हणजे मी एवढा भारी माणूस आहे होय? मला वाटलं, मला कुणी विचारत नाही."

ती हसली आणि विषय तिथेच संपला. बाबांचा उतावीळपणा संपायचं मात्र काही कारण नव्हतं.

त्या दिवशी दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. ऑफिसच्या मागच्या बाजूला दोन गल्ल्या सोडून एक रंगाचं गोदाम होतं, त्याला आग लागली. आधी फटाफट डबे फुटल्याचे आवाज आले, मग काळाकुट्ट धूर वर चढला. वारा उलट्या दिशेला होता म्हणून ऑफिसात धुराचा वाससुद्धा नीट आला नाही. पण शहराला हे कोण सांगणार? ज्याला त्याला आपल्या खिडकीतून तो धूर दिसत होता. कुणी म्हणालं अख्खी वसाहत पेटली, कुणी म्हणालं विषारी वायू सुटला. आणि ज्याचं म्हणून कुणी या भागात होतं, त्या प्रत्येकाने फोन हातात घेतला.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर मशिनींचा भार दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्या पिवळ्या झाल्या आणि पिवळ्यांच्या लाल. एक मशीन बसली. लगेच तिच्या शेजारची डुगडुगायला लागली.

"लाव नियम," ताई म्हणाली.

लंबूने लावला. दोन-तीन मिनिटं सगळ्यांनी श्वास रोखून धरला. लाल पट्ट्या हळूहळू पिवळ्यावर आल्या. लंबू हुश्श करून मागे टेकला, आणि मग एकदम खुर्चीवरून पुढे वाकला.

"ताई! बाबा आले बघा!"

पडद्याच्या कोपऱ्यात मागे सारलेले नंबर दिसायचे, सगळ्यांत उतावीळ तो सगळ्यांत वर. आणि सगळ्यांत वर बाबांचा नंबर होता. समोर ताईच्या टेबलावरच्या फोनचा. लावत होते, मागे सारले जात होते, पुन्हा लावत होते.

ताईने मनात आणलं असतं तर एका बटणाचं काम होतं. तेवढा एक नंबर आत घेतला असता, "बाबा, मी ठीक आहे" एवढंच म्हणून ठेवून दिला असता. पण साहेब शेजारीच उभे होते. त्यांच्या सासूबाई ताईला समोर उभ्या दिसल्या.

"राहू दे," ती म्हणाली. "कात्री हवी असेल."

सगळे हसले. तीही हसली. पण हात गेलाच फोनकडे. आपणच त्यांना लावावा म्हटलं तर लाइन बिझी. असणारच! ते तिला लावत होते, ती त्यांना. मोबाइल काढला तर त्याच्यावर रेंजचा पत्ताच नाही, तिकडेही सगळं शहर लोटलेलं. मग ती स्वतःशीच म्हणाली, ऐकताहेत ना माझाच आवाज, काळजी करू नका म्हणतेय ना मी त्यात, मग झालं तर. असं म्हटलं की जरा बरं वाटतं, म्हणून माणूस असं म्हणतो.

गर्दी काही ओसरेना. बातम्यांवर धुराचं चित्र यायला लागलं आणि आणखी माणसं फोनला भिडली. पट्ट्या पुन्हा लाल.

"ताई, मशिनीचा जीव आता निरोप ऐकवण्यातच चाललाय," लंबू म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "मागे सारलेल्या प्रत्येकाला धरून ठेवून तुमचं अख्खं वाक्य ऐकवायचं म्हणजे केवढं काम! निरोप बंद करू या. नुसतं टूं-टूं देऊ."

खरं होतं त्याचं. निरोप बंद केला नाही तर दुसरी मशीन बसणार, मग तिसरी, आणि मग अॅम्ब्युलन्सच्या दारापर्यंत गोष्ट जाणार. हे बंद करायचा अधिकार फक्त ताईला होता. तिने तिचा पासवर्ड टाकला आणि स्वतःचा आवाज बंद केला.

मशिनी सावरल्या. अगदी डोळ्यांदेखत सावरल्या. साहेब म्हणाले, "शाब्बास ताई, तरलो!" आणि कुणीतरी चहा सांगितला. पडद्यावरचे उतावीळ नंबरही विरळ व्हायला लागले. बाबांचा नंबर खाली सरकला, आणखी खाली सरकला, आणि नाहीसा झाला.

"घ्या, शिकले एकदाचे!" लंबू म्हणाला.

ताई हसायला गेली आणि ते हसू तोंडातच राहिलं. बाबा आणि थांबले? आई आजारी होती तेव्हा वॉर्डातला फोन कुणी उचलत नव्हतं, तर या माणसाने बोट सुजेपर्यंत डायल फिरवला होता. शेवटी डॉक्टरने वैतागून उचलला. हा माणूस टूं-टूं ऐकून गप बसेल?

तिने घरी लावला. आता लाइन मोकळी होती. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. कुणी उचललं नाही. तिने पुन्हा लावला.

"साहेब, बाबा फोन उचलत नाहीत. मला जायला हवं."

साहेब तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "निघा. इथलं आम्ही बघतो. पळा तुम्ही."

टॅक्सी मिळायलाच जीव मेटाकुटीला आला. सगळी वाहतूक आगीपासून लांब पळत होती आणि रस्ते तुंबले होते. माणसं रुमाल तोंडाला लावून भराभर चालली होती, आणि त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या कानाला फोन. कुणी ओरडत होतं, "हॅलो, हॅलो!" एक बाई फुटपाथवर बसून तोच तोच नंबर दाबत होती. ताईने तिच्याकडे बघायचं टाळलं.

बाबांच्या दाराला कुलूप होतं. शेजारची बेल वाजवायच्या आधीच तिथल्या काकू बाहेर आल्या. गेली कित्येक वर्षं बाबांची किल्ली त्यांच्याकडेच असायची.

"अगं बाई, तू इथे?" त्यांनी तोंडावर हात ठेवला. "ते तर तुझ्याकडे गेले!"

"माझ्याकडे? कुठे?"

"तुझ्या ऑफिसात! तिकडे आग लागलीय म्हणे ना. फोन लागेना तुझा."

काकूंनी दार उघडलं. खुर्ची ओढून फोनजवळ आणलेली होती. टेबलावर चष्म्याची रिकामी डबी, पाण्याचा अर्धा पेला, आणि पेल्याशेजारी त्यांचा दम्याचा पंप. त्या पंपाशिवाय बाबा खालच्या दुकानातसुद्धा जात नसत. तो तिथेच राहिला होता.

"मी त्यांना किती सांगितलं, नका जाऊ," काकू म्हणाल्या. "आणि बसले होते गं आधी, शांत बसले होते. लावायचे, ऐकायचे, ठेवायचे, परत लावायचे. मी म्हटलं, लागतोय का? तर मला रिसीव्हर दिला कानाला. म्हणाले, ऐका, आमच्या पोरीचा आवाज आहे. बोलतेय म्हणजे आहे ती, ठीक आहे. मी म्हटलं, अहो ती टेप असेल, तर म्हणाले, असू दे."

ताईने टेबलाची कड धरली.

"मग एकदम तुझा आवाजच यायचा बंद झाला. नुसतं टूं-टूं. दोनदा लावून बघितलं त्यांनी. चेहरा पांढराफटक पडला गं त्यांचा. म्हणाले, बंद पडला आवाज, काहीतरी झालं तिकडे. आणि चपला घालून निघालेच. मी हाका मारतेय तर मागे वळूनसुद्धा बघितलं नाही."

ताईने पंप उचलला आणि ती जिना उतरली. आपल्या हाताने बंद केला, आपल्या हाताने, एवढंच डोक्यात फिरत होतं. स्वतःवरच चिडावं असं तिला वाटत होतं, पण चिडायला वेळही नव्हता.

टॅक्सीवाला थांबला होता म्हणून बरं. "मागे चला," ती म्हणाली, "जिकडून आलो तिकडेच. बसच्या रस्त्याने, आणि हळू." बस बंद होत्या. म्हणजे ते चालतच गेले असणार. तिच्या मोबाइलला आता कुठे रेंज आली होती. तिने ऑफिसच्या फोनवर लंबूला लावला, बाबा तिथे पोचले का विचारायला. टूं-टूं. पुन्हा लावला. टूं-टूं. पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि प्रत्येक वेळी तिला कळत होतं की आपण आणखी मागे सारले जातोय. थांबणं तिला कळत होतं. जमत नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खिडकीतून एकेक म्हातारा माणूस बघत होती, हा नाही, हा नाही, हाही नाही.

मोठ्या चौकात पोलिसांनी रस्ता अडवला होता. धूर इथवर आला होता. अडथळ्याच्या अलीकडेच फुटपाथच्या कडेला बाबा बसलेले दिसले. एका पोलिसाने त्यांना पाठीमागून धरलं होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे वर चढलेले, आणि छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज. ओठ काळेनिळे पडले होते.

"मुलीकडे जायचंय म्हणून आत सोडा म्हणत होते," पोलीस म्हणाला. "भांडले माझ्याशी. मग खालीच बसले."

ताईने पंप त्यांच्या तोंडाला लावला. एकदा, मग पुन्हा. बाबांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि तिचं मनगट असं घट्ट धरलं की नखं रुतली. पोलिसाने अॅम्ब्युलन्सला फोन लावला. तो पहिल्या झटक्यात लागला. ताईच्या मशिनींनी त्या दिवशी तेवढं एक काम चोख केलं, एवढं म्हणायला हवं.

हॉस्पिटलात पहिले काही दिवस कठीण गेले. धुराने छाती भरली होती, मग ताप आला. डॉक्टर रोज म्हणायचे, बघू या. ऑफिसातून लंबूचा निरोप आला की सगळं सुरळीत आहे, वरच्या लोकांनी ताईचं कौतुक केलंय. तिने तो वाचला आणि फोन पर्समध्ये टाकून दिला.

मग एका सकाळी बाबांच्या तोंडावरचा मास्क काढला. आवाज पार बसला होता. ताई चमच्याने पाणी पाजत होती. ते बराच वेळ छताकडे बघत होते, आणि मग शाळेतल्या पोराने मार खायच्या तयारीने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तू सांगितलं होतंस मला, नाही का?"

"काय बाबा?"

"परत परत लावू नका म्हणून. मी ऐकलं नाही. तुझा आवाज येत होता ना, म्हणून लावत राहिलो. फार वेळा लावला गं." त्यांना धाप लागली, ते थांबले. "माझ्यामुळे बंद पडली का तुमची मशीन?"

ताईने चमचा पेल्यात ठेवला. "नाही हो बाबा," ती म्हणाली. "तुमच्यामुळे नाही." तिला खूप सांगायचं होतं. मीच बंद केला, मीच तुम्हाला मागे सारलं, मीटिंगमध्ये तुमच्यावर हसले, सगळं. पण ती त्यांच्या पांघरुणात तोंड खुपसून रडली, आणि ते तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिले. तिच्या रडण्याचा त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला. आपलं बरोबर होतं, पोर लपवतेय, असं त्यांना वाटलं असणार.

बाबा घरी आले. ताई कामावर गेली. नियम अजून आहे, काढता येण्यासारखा नाही, नाहीतर मशिनी बसतील. एक गोष्ट तिने बदलून घेतली. आता आवाज सगळ्यांत शेवटी बंद होतो. लंबू म्हणाला, त्याने भार वाढेल. ती म्हणाली, वाढू दे. साहेबांनी सही केली. बाबा-नियम हे नाव मात्र ऑफिसात आता कुणी घेत नाही.

आणि बाबा? बाबा आता शहाणे झालेत. ते एकदाच फोन लावतात. ताईने उचलला तर ठीक, नाहीतर घंटी वाजून थांबते आणि पुन्हा वाजत नाही. ती मीटिंगमधून येते, तर टेबलावरच्या फोनमध्ये त्यांचा एकच हुकलेला कॉल असतो. मग ती उभ्या उभ्या त्यांना लावते. बिझी असला तर परत लावते. नाही उचलला तर परत लावते. लंबू मान खाली घालून आपलं काम करत बसतो, आणि ताई लावत राहते, लागेपर्यंत.